तग आणि ओल



सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी 'पासिंगपुरता' विषय होता. 'सत्त्याऐंशी' म्हणजे एटी-सेव्हन की सेव्हन्टी-सेव्हन, हे मला अजूनही मनात एकदा तपासून बघावं लागतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाला धरा, मला नको! तरीही हा लेख इंग्लिश सेक्शनला द्यायचा नव्हता. कारण ज्या शब्दावरून तो सुचला, तो शब्द मला मराठीतच सापडला. पण त्या शब्दाकडे नंतर येते. आधी एका लेक्चरबद्दल.

गेल्या वर्षी सेमिनार हॉलमध्ये 'स्ट्रेस मॅनेजमेंट'वर एक लेक्चर झालं होतं, आठवतंय? अटेंडन्स कम्पल्सरी होता, म्हणजे आठवत असेलच. एस.ई.चा निकाल लागून दहा दिवस झाले होते. पाहुण्यांनी पडद्यावर एका चष्मेवाल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो दाखवला. नाव व्हिक्टर फ्रँकल. हा माणूस नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत परत आला, का? तर त्याला जगण्याचा अर्थ सापडला होता! आणि तुम्ही? तुम्ही एका केटीनं खचता? असं बरंच काही. शेवटी 'रेझिलियन्स' हा शब्द आम्हा सगळ्यांकडून तीनदा मोठ्यानं म्हणून घेतला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मी मागून तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझ्या तीन केट्या होत्या. एम-थ्री, एस.ओ.एम. आणि फ्लुइड. ज्या मुलीला दहावीपर्यंत पहिल्या तिनाच्या बाहेर नंबर माहीत नव्हता, तिला तीन. त्या लेक्चरनंतर मला अजूनच वाईट वाटलं. आधी फक्त नापास झाले होते. आता नापास तर नापास, वर 'मनानं कमकुवत' हा शिक्काही लागला. छळछावणीतला माणूस हसतो आणि मला मेसच्या जिन्यापर्यंत जाववत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे, असं मी ठरवून टाकलं.

पुढे रागानंच मी लायब्ररीतून फ्रँकलचं पुस्तक काढलं. 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग'. छोटंसं आहे, सबमिशनच्या आठवड्यातही वाचून होतं. आणि वाचून मी थक्क झाले. कारण पाहुण्यांनी जे सांगितलं होतं, पुस्तक जवळजवळ त्याच्या उलट सांगतं!

थोडी माहिती देते. फ्रँकल हे 1905 साली व्हिएन्नात जन्मलेले ज्यू मानसोपचारतज्ज्ञ. सप्टेंबर 1942 मध्ये त्यांना पत्नी आणि आईवडिलांसह थेरेसिएनश्टाटला नेलं. ऑक्टोबर 1944 मध्ये ऑशविट्झ, तिथून डाखाऊच्या उपछावण्या. एप्रिल 1945 मध्ये सुटका झाली तोवर आई, वडील, भाऊ आणि पत्नी, चौघेही छावण्यांनी गिळले होते. पुस्तक 1946 चं. आता गंमत बघा. हा माणूस कुठेही म्हणत नाही, की मी मनानं खंबीर होतो म्हणून वाचलो. तो स्वच्छ सांगतो, की परत आलो ते नशिबानं, आणि आमच्यातले जे सर्वांत चांगले होते ते परत आलेच नाहीत. जे मेले ते 'कमी रेझिलियंट' होते, असं म्हणण्याची त्याची छाती नाही. ती छाती आपल्या पाहुण्यांची!

दुसरी गोष्ट. त्याचं म्हणणं असं, की दुःख अटळ असेल तर त्यातही अर्थ शोधता येतो. पण दुःख टाळता येण्यासारखं असेल, तर त्याचं कारण दूर करणं हेच अर्थपूर्ण काम. विनाकारण सोसण्यात काही मोठेपणा नाही. आता हे वाक्य हॉस्टेलला लावून बघा. कॅन्सर अटळ असेल, मृत्यू अटळ असेल. पण निकालाच्या दिवशी विंगमध्ये एकटीनं बसणं, हे कुठे अटळ आहे?

तिसरी गोष्ट मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती लेक्चरमध्ये आलीच नाही. फ्रँकलची खरी सुरुवात छावणीत नाही झाली. ती झाली विद्यार्थ्यांच्या निकालांपासून! 1928 पासून त्यांनी व्हिएन्नात तरुणांसाठी मोफत सल्ला केंद्रं उभारली. तेव्हा ते स्वतः विशीतलेच होते. त्या काळी शाळांची प्रगतिपुस्तकं हातात पडण्याच्या सुमाराला तिथं विद्यार्थ्यांच्या आत्महत्या होत. फ्रँकलनी 1930 च्या आसपास नेमक्या त्या दिवसांसाठी खास मोहीम काढली. मुलांनी कुणाकडे जायचं, कुठे बोलायचं, हे आधीच ठरवून ठेवलं. त्या वर्षी, अनेक वर्षांत पहिल्यांदा, निकालाच्या काळात एकाही विद्यार्थ्याची आत्महत्या झाली नाही, असं ते सांगतात. म्हणजे या माणसानं मुलांना 'खंबीर व्हा' असं सांगितलं नाही. त्यानं योग्य तारखेला योग्य ठिकाणी माणूस बसवला.

आता आपल्या हॉस्टेलकडे येते. आणि इथे लिहायला जरा जड जातंय.

माझा निकाल लागला तेव्हा रूममेट बहिणीच्या लग्नासाठी गावी गेली होती. मी दार लावून घेतलं. घरी फोनवर 'रिझल्ट लेट आहे' असं खोटं सांगितलं. तीन दिवस बिस्किटं आणि पाणी. तिसऱ्या दिवशी रात्री दार वाजलं. मेसच्या मावशी झाकलेलं ताट घेऊन जिना चढून आल्या होत्या. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणाल्या, "पोरी, तीन दिस झालं तुझं एक ताट कमी येतंय मोजताना. आजारी हाईस का?" बस्, एवढंच. निकालाचं त्यांना काही ठाऊकही नव्हतं. मी मात्र दारातच रडायला लागले. त्या कॉटवर बसल्या, मी जेवेपर्यंत थांबल्या आणि ताट घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. उपमा होता. त्या उपम्याला आपण सगळे नावं ठेवतो, मीही ठेवते, पण त्या दिवशी दोनदा घेतला.

आमच्याच विंगमध्ये, चार खोल्या सोडून, आमच्याच वर्गातली एक मुलगी राहत होती. नाव लिहीत नाही. तिचाही निकाल तसाच लागला होता. तिनं मेस सोडून बाहेरून डबा लावला होता. त्यामुळे तिचं ताट मोजणारं कुणी नव्हतं. ती सामान बांधून घरी निघून गेली आणि खोलीला कुलूप आहे हे आम्हाला सहाव्या दिवशी कळलं. तेही कुणाला तरी तिच्याकडून ड्राफ्टर परत हवा होता म्हणून! ती परत आली नाही. इंजिनिअरिंग सोडलं. आता गावाजवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करते आणि बरी आहे. गेल्या दिवाळीत मी हिय्या करून तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, जायचं तर माझं ठरलंच होतं. पण बॅगा घेऊन जिना उतरताना तिघी भेटल्या. कुणी 'का गं?' म्हणूनसुद्धा विचारलं नाही."

त्या तिघींत मी नव्हते. मी खोलीत दार लावून बसले होते. पण असते तरी विचारलं असतं का, हे मला खात्रीनं सांगता येत नाही.

मग सांगा, आमच्या दोघींत फरक कशाचा होता? रेझिलियन्सचा? मुळीच नाही. फरक एका ताटाचा होता.

आता तो शब्द. यंदा संक्रांतीला मी आज्जीकडे मंगळवेढ्याच्या बाजूला गेले होते. ज्वारीच्या शेतात हुरडा चालला होता. मालदांडी ज्वारी, माझ्या डोक्याच्या वर गेलेली. शेवटचा पाऊस ऑक्टोबरात पडून गेला होता आणि विहिरीचं पाणी तिला दिलेलं नव्हतं. मी आपली कॉन्व्हेंटची शहाणी. म्हटलं, "आज्जी, व्हॉट रेझिलियन्स! मराठीत काय म्हणतात गं याला?" आज्जी म्हणाली, "आम्ही म्हणतो पिकानं तग धरला." मी म्हटलं, "किती स्ट्राँग आहे ना हे पीक!" त्यावर ती हसायला लागली. "अगं, पीक काय सवताच्या जीवावर तग धरतंय व्हय? काळी रान हाय. खाली ओल हाय. हेच बी माळावर टाक, आन् मग सांग मला!"

काळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी पुढचे तीन-चार महिने त्या ओलीवर वाढते, हे मी नंतर वाचलं. आज्जीला ते वाचावं लागलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिथंच लख्ख उजेड पडला. तग धरणं दिसतं ते पिकात. पण ते येतं जमिनीतून. आणि आपण हॉस्टेलमध्ये वर्षानुवर्षं काय करतो? पिकाला लेक्चर देतो!

हे फक्त आज्जीचं म्हणणं नाही. हवाईच्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधकांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार, अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक-तृतीयांश मुलं चांगली, कर्तबगार निघाली. त्यांच्यात काय होतं? काहींचा स्वभाव मुळात गोड होता, हे खरं. पण ठळकपणे दिसलं ते असं, की या मुलांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं. आई-बापच असं नाही. आजी, मावशी, शेजारी, एखादे शिक्षक. आणखी एक म्हणजे, यातल्या बऱ्याच मुलांवर लहानपणीच कुणाची तरी खरी जबाबदारी पडली होती. कुणीतरी त्यांच्यावर अवलंबून होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर एस.ओ.एम.चं पुस्तक उघडा. (मी दोनदा उघडलंय, त्यामुळे पाठ आहे!) एकच बीम घ्या. लांबी तीच, मटेरियल तेच, वरचा यू.डी.एल. तोच. दोन्ही टोकं नुसती टेकवलेली असतील तर मध्ये जेवढं डिफ्लेक्शन येतं, त्याच्या फक्त एक-पंचमांश येतं, जर तीच टोकं घट्ट धरलेली असतील. बीमला कुणी मोटिव्हेट केलेलं नसतं! फक्त सपोर्ट बदललेले असतात. आणि हेही प्रामाणिकपणे लिहिते, की घट्ट धरणाऱ्या सपोर्टला मोमेंट सोसावा लागतो. धरणाऱ्यालाही ताण येतो. म्हणून धरण्याचं काम एकट्या मावशींवर टाकून चालणार नाही.

आता मुद्द्याची, म्हणजे थोडी भांडणाची गोष्ट.

मेसमध्ये उतरले तरी माझं पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. एम-थ्रीचं पुस्तक बघितलं तरी पोटात गोळा यायचा. आपल्या हातात काही नाही, हे मनानं घेतलंच होतं. मानसशास्त्रात याला 'लर्न्ड हेल्पलेसनेस' म्हणतात. 1967 साली सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. काहीही केलं तरी शॉक थांबत नाही, हा अनुभव आलेले बरेचसे कुत्रे पुढे सुटका सहज शक्य असतानाही तिथेच पडून राहत. पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासावरून आपलंच म्हणणं उलटं फिरवलं. हतबलता ही शिकलेली गोष्ट नाही, फार काळ त्रास झाला की ती आपोआप येते. शिकावं लागतं ते 'हे माझ्या हातात आहे' हे! मला हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे खचणं हा काही गुन्हा नाही. आणि हातात काहीतरी असण्याची सवय लावता येते.

ती सवय मला लागली ती एका बी.ई.च्या ताईमुळे. ती फर्स्ट इयरच्या मुलींना संध्याकाळी ड्रॉइंग शिकवायची. तिचं प्रोजेक्टचं काम वाढलं. एकदा जिन्यात गाठून म्हणाली, "तुझं ड्रॉइंग चांगलं होतं ना? उद्यापासून तू बस त्यांच्याबरोबर." मी म्हटलं, "ताई, माझ्या तीन केट्या आहेत." ती म्हणाली, "मग? ड्रॉइंगमध्ये नाहीये ना!" दुसऱ्या दिवशी पाच मुली शीट घेऊन हजर. प्रोजेक्शन ऑफ सॉलिड्स. त्यांना माझ्या केट्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त शुक्रवारचं सबमिशन दिसत होतं! रोज सात वाजता कुणीतरी माझी वाट बघतंय, या एका गोष्टीनं माझा दिवस उभा राहिला. सातच्या आधी आंघोळ, जेवण आणि मग 'आता बसलेच आहे तर' म्हणून लाप्लासची दहा उदाहरणं. जगण्याचा अर्थ वगैरे मी काही शोधला नाही. फ्रँकलही म्हणतात, की आयुष्याकडून मला काय हवं हे विचारत बसू नका, आयुष्याला आत्ता तुमच्याकडून काय हवंय ते बघा. माझ्या आयुष्याला तेव्हा माझ्याकडून शुक्रवारपर्यंत पाच शीट्स हव्या होत्या!

आणि आता बघा आपल्याकडचा नियम. गॅदरिंग कमिटी, मेस कमिटी, टेक-फेस्ट, कशातही नाव द्यायचं तर 'ऑल क्लिअर' हवं. केटी लागली की नाव कट. सरांचं म्हणणं मला कळतं. "आधी अभ्यास करा, मग बाकीचं." हेतू चांगलाच आहे. पण सर, खरं सांगते, नाव कट झाल्यावर जो वेळ मोकळा झाला, त्यात मी अभ्यास केला नाही. भिंतीकडे बघत बसले. ज्या दिवशी विद्यार्थ्याला वाटतं की आपण कुणाच्या उपयोगाचे नाही, नेमक्या त्याच दिवशी नोटीस बोर्डावर त्याचं नाव खोडून आपण त्याला सांगतो, की बरोबर वाटतंय तुला! हा नियम बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. भार कमी करा, पण नाव ठेवा. सेक्रेटरी नका करू, पण खुर्च्या मांडायला तरी बोलवा.

रेक्टर मॅडम आणि सर्व स्टाफला माझ्या अजून दोनच विनंत्या. एक, निकालाच्या दिवशी दोन्ही हॉस्टेलची मेस रात्री उशिरापर्यंत चालू ठेवावी. चहा असला तरी पुरे. आणि प्रत्येक विंगमध्ये दोन सीनियर्स नेमावेत, ज्यांनी त्या रात्री प्रत्येक दार वाजवायचं. शक्यतो स्वतः केटी खाल्लेले नेमा. टॉपर येऊन 'होतं गं असं' म्हणाला की अजून राग येतो! दोन, बाहेरून डबा लावणाऱ्यांचीही यादी ठेवावी. आपल्याकडे मोजदाद फक्त मेसच्या ताटांची होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. मैत्रिणी आणि चहा म्हणजे डॉक्टर नव्हेत. कुणाची झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, किंवा कुणी 'जगून काय करू' असं बोलत असेल, तर 'पॉझिटिव्ह विचार कर' म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका, रेक्टरना सांगा, डॉक्टरांकडे सोबत जा. 14416 हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा मोफत नंबर आहे. तो ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर मेसच्या दारावर मेनूशेजारी लावला तर सगळ्यांच्या नजरेला पडेल. मेनू तर आपण रोज वाचतोच, बदलत नसला तरी!

माझं म्हणाल तर एस.ओ.एम. आणि फ्लुइड सुटले. एस.ओ.एम.ला बेचाळीस, ज्याचा मला दहावीच्या ब्याण्णवपेक्षा जास्त अभिमान आहे. एम-थ्री दुसऱ्यांदाही राहिला. तिसऱ्यांदा दिलाय. हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर निकाल लागला असेल. सुटला तर पार्टी मागायला या. नाही सुटला तर... तरीही या. दार वाजवा. मी उघडीन.

आणि येताना शेजारच्या खोलीलाही कुलूप आहे का, ते बघा.

— टी.ई. (सिव्हिल), लेडीज हॉस्टेल